मायकेल डॅव्हिट आणि गावाचं मैदान

हर्लिंग हा आयर्लंडचा जुना खेळ दोन हातांचा आहे. ॲशच्या चिवट लाकडाची, टोकाला पसरट होत गेलेली काठी एका हातात धरून पळता येतं. पण चेंडू उडवून सत्तर-ऐंशी मीटर लांब धाडायचा, तर दुसरा हात लागतोच. उंचावरून आलेला चेंडू झेलायचा तर एका हातात काठी हवी आणि दुसरा मोकळा हवा. १८८४ साली हा खेळ आणि त्याच्यासोबतचे बाकीचे देशी खेळ जगवायला जी संस्था निघाली, तिच्या पहिल्या तीन आश्रयदात्यांमधल्या एकाला उजवा हातच नव्हता. त्यांचं नाव मायकेल डॅव्हिट.

आयर्लंडच्या इतिहासात डॅव्हिट भेटतात ते लँड लीगचे, म्हणजे कुळांच्या हक्कांसाठी लढलेल्या संघटनेचे, संस्थापक आणि कुळांचे पुढारी म्हणून. खेळांना त्यांनी दिलेला पाठिंबा बहुतेक ठिकाणी दोन-चार ओळींत उरकलेला असतो. मी आयर्लंडात राहायला आलो, आणि माझी लेक गावच्या क्लबात कमोगी, म्हणजे मुलींचं हर्लिंग, खेळायला लागली, तेव्हापासून त्या दोन-चार ओळींपाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो आहे. जमीन आणि खेळ या दोन गोष्टी या माणसाच्या आयुष्यातून वेगळ्या काढता येत नाहीत, असं माझं ठाम मत झालं आहे.

डॅव्हिट यांचा जन्म २५ मार्च १८४६ रोजी मेयो परगण्यातल्या स्ट्रेड गावी झाला. बटाट्याचं पीक सडून मोठा दुष्काळ पडला होता, त्या काळातला हा जन्म. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. पश्चिमेच्या परगण्यांनी सगळ्यात जास्त सोसलं, आणि त्यात मेयो. १८५० मध्ये खंड थकला म्हणून या कुटुंबाला बेदखल केलं गेलं. मायकेल चार वर्षांचा होता. सामान बाहेर निघालं, घराला आग लावली गेली, आणि ते पोराने उघड्या डोळ्यांनी पाहिलं. आई-वडील मुलांना घेऊन गरिबांसाठीच्या सरकारी वर्कहाऊसच्या दारात गेले. तिथला नियम असा की तीन वर्षांवरचा मुलगा आईपाशी ठेवायचा नाही. आईने हे ऐकलं मात्र, ती पोरांना घेऊन तिथून बाहेर पडली. पुढे समुद्र ओलांडून लिव्हरपूल, आणि तिथून चालत लँकेशायरमधलं हॅझलिंग्डन. हे कापडगिरण्यांचं गाव होतं, आणि मेयोतून उठलेली बरीच माणसं तिथे येऊन राहिली होती. गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या त्या गावात डॅव्हिटांच्या घरात मात्र आयरिश भाषाच बोलली जायची.

मायकेल नवव्या वर्षी गिरणीत लागला. ८ मे १८५७ रोजी, अकरा वर्षांचा असताना, बॅक्सेन्डनच्या गिरणीत त्याला मोठ्या पोराने सांभाळायच्या यंत्रावर उभं केलं गेलं. दातेरी चाकांत त्याचा उजवा हात सापडला. पुढे तो कापावा लागला. भरपाई म्हणून काही मिळालं नाही. गावातल्या एका कापड कारखानदाराने माणुसकीने त्याला शाळेत घातलं, म्हणून हा मुलगा शिकला. नंतर पोस्ट आणि छापखाना एकत्र असलेल्या एका दुकानात त्याला काम मिळालं.

हे सगळं मी तपशिलाने सांगतो आहे, कारण पुढे ते खेळांच्या बाजूने उभे राहिले त्याचा उगम मला इथेच दिसतो. चार वर्षांच्या मुलाकडून अंगण गेलं. नऊ वर्षांच्या मुलाकडून दिवस गेला. अकरा वर्षांच्या मुलाकडून हात गेला. मुलाला खेळायला जे काही लागतं, म्हणजे जागा, वेळ आणि धड शरीर, ते सगळं एकाच व्यवस्थेने एकामागून एक काढून घेतलं. असा माणूस पुढे जेव्हा म्हणतो की आपल्या लोकांना आपले खेळ परत मिळाले पाहिजेत, तेव्हा त्याच्या मनात सुट्टीच्या दिवसाची करमणूक एवढंच असेल, हे मला पटत नाही.

तुरुंगाचा भाग मी थोडक्यात सांगतो. १८६५ मध्ये डॅव्हिट आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या फेनियन क्रांतिकारकांच्या गुप्त संघटनेत गेले. १८७० मध्ये शस्त्रं पाठवल्याच्या आरोपावरून लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवर पकडले गेले आणि पंधरा वर्षांची सक्तमजुरी झाली. डार्टमूरच्या तुरुंगात या एकहाती माणसाला दगड फोडायला आणि कुजकी हाडं कुटायला लावलं. डिसेंबर १८७७ मध्ये ते अटींवर सुटले. १८८१ मध्ये पुन्हा आत गेले, या वेळी पोर्टलंडला. तिथे त्यांना एक काळा पक्षी पाळायची परवानगी मिळाली, आणि त्यांनी तुरुंगात जे लिखाण केलं ते त्या पक्ष्याला उद्देशून केलेल्या व्याख्यानांच्या रूपात आहे.

या दोन कैदांच्या मधल्या काळात त्यांनी आयर्लंड हलवून सोडलं. २० एप्रिल १८७९ रोजी मेयोतल्या आयरिशटाऊन या खेड्यात कुळांची मोठी सभा झाली. तिच्या तयारीमागे डॅव्हिट होते. ऑगस्टमध्ये कॅसलबारला मेयोची लँड लीग आणि ऑक्टोबरमध्ये डब्लिनला अखिल आयर्लंडची लँड लीग स्थापन झाली. अध्यक्ष झाले आयरिश खासदार चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल. वाजवी खंड, कुळाला जमिनीवर कायमचा हक्क, आणि तो हक्क विकायची मोकळीक, या मागण्या होत्या. पुढच्याच वर्षी मेयोत लॉर्ड अर्नच्या कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्याला लोकांनी असं वाळीत टाकलं की त्याचं पीक काढायला सैन्याच्या पहाऱ्यात बाहेरून मजूर आणावे लागले. त्याचं नाव जगभरच्या भाषांमध्ये राहून गेलं.

आयरिशटाऊनची सभा भरली तो रविवार होता. राबणाऱ्या माणसाकडे आठवड्यातला तेवढा एकच दिवस स्वतःचा असायचा. खेळाची गोष्ट नेमकी याच दिवसापाशी येऊन मिळते.

हर्लिंग फार पुरातन आहे. १३६६ मध्ये किल्केनीला झालेल्या कायद्यांत त्यावर बंदी घातलेली सापडते, म्हणजे तेव्हाही राज्यकर्त्यांना ते खुपत होतंच. अठराव्या शतकात मात्र कित्येक जमीनदार आपापल्या कुळांचे संघ उभे करून सामने लावायचे आणि पैजा मारायचे. पुढे त्यांनी अंग काढून घेतलं, आणि दुष्काळाने उरलंसुरलं मोडून टाकलं. गावंच्या गावं रिकामी झाल्यावर खेळणार कोण? पूर्व गॉलवे, टिपरेरी, कॉर्कचा काही भाग, असे तुकडे तेवढे शिल्लक राहिले. दुसरीकडे शहरांत इंग्लंडच्या धर्तीवर धावण्या-उड्यांच्या स्पर्धा वाढत होत्या. इंग्लंडातल्या ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लबाने १८६६ मध्ये हौशी खेळाडूची जी व्याख्या केली, तिच्यात मेकॅनिक, कारागीर आणि मजूर यांना सरळ बाहेर ठेवलं होतं. पुढे ते कलम गेलं, पण वारं तसंच राहिलं. त्यात स्पर्धा शनिवारी. रविवारी खेळणं पाप, आणि शनिवारी मजूर कामावर. दार उघडं ठेवायचं आणि उंबरा कमरेएवढा करायचा, असा तो प्रकार होता.

क्लेअर परगण्यात जन्मलेल्या आणि डब्लिनमध्ये शिकवण्या चालवणाऱ्या मायकेल क्युसॅक यांना हे सहन झालं नाही. ते स्वतः क्रिकेट आणि रग्बी खेळलेले होते. त्या खेळांशी त्यांचं वैर नव्हतं. पण आयरिश माणसाच्या खेळांचे नियम आणि व्यवस्था आयरिश माणसाच्या हातात हवी, असं त्यांनी ऑक्टोबर १८८४ मध्ये वर्तमानपत्रातून मांडलं. १ नोव्हेंबरला टिपरेरीतल्या थर्ल्स गावी हेज यांच्या हॉटेलात मूठभर माणसं जमली आणि गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. नामांकित खेळाडू मॉरिस डेव्हिन अध्यक्ष झाले. आश्रयदाते म्हणून तीन जणांना विनंती करायचं ठरलं: कॅशेलचे आर्चबिशप क्रोक, पार्नेल आणि डॅव्हिट. तिघांनीही होकार दिला.

यातलं क्रोक यांचं उत्तर सगळ्यात प्रसिद्ध झालं. आपण इंग्लंडकडून माल आणतो, फॅशन आणतो, उच्चार आणतो आणि आता खेळही आणतो, आणि आपल्या गावांत खेळले जाणारे खेळ विसरत चाललो, अशी त्यात कळकळ आहे. पार्नेल यांचं नाव संस्थेला हवं होतं कारण तेव्हा देशात त्यांच्याएवढं मोठं नाव दुसरं नव्हतं; पण ते स्वतः विकलोच्या जमीनदार घरातले, आणि त्यांचा खेळ क्रिकेट. क्रोक यांनी धर्माचं बळ दिलं, पार्नेल यांनी राजकारणाचं. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्या लोकांमधून आलेला मात्र एकटा डॅव्हिट. तिघांची नावं नेहमी एका दमात घेतली जातात, तेव्हा हा फरक नजरेआड होतो, आणि मला ते खटकतं.

नवी संस्था वणव्यासारखी पसरली. तिची बांधणी पाहिली तर लँड लीगची आठवण येते: प्रत्येक धर्मगाव, म्हणजे पॅरिश, हा घटक, स्थानिक माणसं पदाधिकारी, रविवारी दुपारी शेतात जमलेलं गाव. काही वर्षांपूर्वी ज्या माणसांनी शेतात उभं राहून खंडाविरुद्ध भाषणं ऐकली, तीच किंवा त्यांची मुलं आता तशाच एखाद्या शेतात काठ्या घेऊन उतरली. संघटना कशी करायची ते ती आधीच शिकलेली होती.

डॅव्हिट यांच्या मनात आणखी एक मोठी गोष्ट होती: टाल्चनचे खेळ पुन्हा सुरू करायचे. मीथ परगण्यात टेलटाऊन म्हणून ठिकाण आहे. तिथे प्राचीन काळी ऑगस्टच्या सुरुवातीला मोठी जत्रा भरायची. शर्यती, कुस्त्या, भालाफेक, गाणी, लग्नं जुळवणं, कायदे वाचून दाखवणं, सगळं एका ठिकाणी. बाराव्या शतकात नॉर्मन आले आणि ती बंद पडली. तिच्या उगमाची दंतकथा मला फार आवडते. टाल्चू नावाच्या राणीने रान तोडून लोकांसाठी शेतजमीन मोकळी केली. त्या कष्टाने ती थकली आणि गेली. लू या देवाला तिने सांभाळून वाढवलं होतं. त्याने तिच्या स्मरणार्थ हे खेळ सुरू केले. म्हणजे एका बाईने नांगरासाठी जमीन तयार केली, आणि तिची आठवण म्हणून लोक खेळू लागले. शेत आणि मैदान यांचं इतकं जवळचं नातं सांगणारी दुसरी कथा मला माहीत नाही. डॅव्हिट यांना ती कथा कशी भिडली असेल याची मी फक्त कल्पना करतो. १८८२ मध्ये पोर्टलंडच्या तुरुंगात असताना त्यांना पार्लमेंटवर निवडून देणारा परगणाही हाच, मीथ. कैदी म्हणून ती निवड रद्द ठरली, हे अर्थातच.

खेळांना पैसा लागणार होता. तो अमेरिकेतल्या आयरिश लोकांकडून जमवायचा असं ठरलं. सप्टेंबर १८८८ मध्ये पन्नासेक हर्लर आणि मैदानी खेळाडू बोटीने न्यूयॉर्ककडे निघाले. इतिहासात हा दौरा ‘अमेरिकेवरची स्वारी’ म्हणून ओळखला जातो. खेळ उत्तम झाले, पण हिशेब बसेना. हवा खराब होती. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक रंगात आली होती आणि लोकांचं लक्ष तिकडे. शिवाय तिथल्या दोन ॲथलेटिक संघटना एकमेकींशी भांडत होत्या आणि पाहुणे मध्ये सापडले. निधी जमणं दूरच, परतीच्या तिकिटांचे पैसे उरले नाहीत. तेव्हा डॅव्हिट यांनी साधारण ४५० पौंड उसने दिले आणि माणसं घरी आणवली. काही जण परतलेच नाहीत, अमेरिकेतच राहिले. हातोडाफेकीतले नामांकित जेम्स मिचेल त्यांतलेच.

त्या काळी ही रक्कम फार मोठी होती, आणि डॅव्हिट श्रीमंत कधीच नव्हते. भाषणं आणि वर्तमानपत्री लिखाण यांवर त्यांचं घर चालायचं. काही वर्षांनी तर दिवाळखोरी जाहीर झाल्यामुळे त्यांना पार्लमेंटची जागा सोडावी लागली. ‘आश्रयदाता’ म्हटलं की डोळ्यांसमोर पत्रिकेच्या वरच्या कोपऱ्यातलं नाव येतं. इथे तो शब्द त्यांनी अक्षरशः निभावला.

आता एक गोष्ट अशी आहे की जिच्यावरून क्लबातल्या जुन्या मंडळींशी माझं बोलणं रंगतं. गेलिक खेळांचे आश्रयदाते डॅव्हिट स्कॉटलंडच्या सेल्टिक फुटबॉल क्लबाचेही आश्रयदाते होते. ग्लासगोच्या पूर्व भागात आयरिश मजुरांची दाट वस्ती होती. ब्रदर वॉलफ्रिड या स्लायगोकडच्या धर्मबंधूंनी तिथल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा करायला १८८७ मध्ये हा क्लब काढला. क्लब चालला, गर्दी वाढली, आणि मैदानाच्या जमीनमालकाने वर्षाचं भाडं ५० पौंडांवरून एकदम ४५० वर नेलं. क्लबाने जवळच दुसरी जागा घेतली. मार्च १८९२ मध्ये त्या नव्या मैदानावर हिरवळीचा पहिला तुकडा बसवायला डॅव्हिट यांना बोलावलं होतं. तो तुकडा आयर्लंडातल्या डोनेगलहून आणलेला, त्यात आयर्लंडचं चिन्ह असलेल्या शॅमरॉकची पानं. (एका रात्रीत तो कोणी तरी चोरून नेला!) भाडेवाढीला कंटाळून जागा सोडलेल्या मजुरांच्या क्लबाला कुळांच्या पुढाऱ्याहून योग्य पाहुणा कोण मिळणार होता?

पण सेल्टिक खेळायचा तो इंग्लंडमध्ये नियमबद्ध झालेला फुटबॉल. गेलिक असोसिएशनने पुढे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, परक्या खेळांवर पक्की बंदी आणली: क्रिकेट, सॉकर, रग्बी, हॉकी खेळणाऱ्याला संस्थेत जागा नाही. बघायला गेलात तरी कारवाई. १९३८ मध्ये आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड सॉकरचा आंतरराष्ट्रीय सामना पाहायला गेले म्हणून त्यांना आश्रयदातेपदावरून काढून टाकलं. आयरिश भाषेसाठी अख्खं आयुष्य घातलेल्या माणसाला! ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. तिची बाजू मी समजून घेतो. साम्राज्याच्या शेजारी लहान देशाला आपलं काही राखायचं असेल तर कुंपण लागतं, असं तेव्हा वाटलं. तरीही ते कुंपण डॅव्हिट यांच्या स्वभावाचं नव्हतं, असं मी म्हणतो. आपलं ते उभं करावं, त्यासाठी खिसा रिकामा करावा, आणि दुसऱ्या खेळात आपली गरीब माणसं रमली असतील तर तिथेही जाऊन हिरवळ लावावी, ही त्यांची रीत.

ती रीत त्यांच्या सगळ्याच कामात होती. १८८०च्या दशकात त्यांनी पार्नेल यांच्यापुढे कल्पना मांडली की आयर्लंडातल्या एखाद्या मतदारसंघातून दादाभाई नौरोजींना पार्लमेंटात पाठवावं. तसं झालं नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले आपले दादाभाई १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले. बोअर युद्धाच्या निषेधार्थ डॅव्हिट १८९९ मध्ये पार्लमेंटातून बाहेर पडले. १९०३ मध्ये रशियन साम्राज्यात किशिनेव्हला ज्यूंची कत्तल झाली, तेव्हा तिथे जाऊन त्यांनी ती जगाला सांगितली.

३० मे १९०६ रोजी, दात काढल्यानंतर रक्तात विष पसरून, साठाव्या वर्षी ते गेले. टाल्चनचे खेळ त्यांना पाहायला मिळाले नाहीत. यादवी युद्ध संपल्यावर नव्या आयरिश सरकारने ते ऑगस्ट १९२४ मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कवर, म्हणजे गेलिक असोसिएशनच्या मुख्य मैदानावर, भरवले. पॅरिस ऑलिंपिक गाजवून आलेला जलतरणपटू जॉनी वाइसमुलर त्यांत उतरला. पाहुण्यांमध्ये क्रिकेटचे रणजितसिंहजीही होते. १९२८ आणि १९३२ मध्ये ते पुन्हा झाले आणि मग थांबले.

जमिनीच्या बाबतीतही त्यांचं अर्धंच ऐकलं गेलं. १८७० च्या सुमारास आयर्लंडात जमीन स्वतःच्या मालकीची असलेले शेतकरी जेमतेम ३ टक्के होते. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत कायद्यांमागून कायदे होऊन बहुतेक सगळी कुळं मालक झाली. हे लँड लीगचंच यश. पण डॅव्हिट यांना एवढंच नको होतं. एका मोठ्या मालकाच्या जागी लाखभर छोटे मालक आले तर भूमिहीन मजुराला काय मिळालं, असं त्यांचं म्हणणं. जमीन सगळ्या समाजाची असावी, या मतावर ते ठाम राहिले. त्यांच्याच बाजूच्या लोकांना ते रुचलं नाही. ज्याला स्वतःचं शेत मिळायची आशा लागलेली आहे, त्याला हे रुचणं कठीणच होतं.

आमच्या क्लबाचं मैदान पाहताना मला हेच मत आठवतं. जागा गावाने वर्गणी, सोडती आणि देणग्या जमवून घेतलेली आहे. गेलिक क्लबांची मैदानं विश्वस्तांच्या नावावर असतात. ती कोणाला वारशाने मिळत नाहीत, कोणी एकटा विकू शकत नाही. गवत कापणारे, रेषा आखणारे, मुलांना शिकवणारे सगळे विनामोबदला. ८२,३०० प्रेक्षकांच्या क्रोक पार्कवर अखेरची लढत खेळणाऱ्यालाही पगार नसतो. सोमवारी तो शाळेत शिकवायला नाही तर गोठ्यात दूध काढायला जातो. डॅव्हिट यांना अख्ख्या देशाच्या जमिनीबद्दल जे हवं होतं, ते शेतांच्या बाबतीत झालं नाही. प्रत्येक गावातल्या या एका तुकड्यावर मात्र ते शंभराहून जास्त वर्षं बिनबोभाट चालू आहे. लेकीच्या संघात पोलंडची, ब्राझीलची, नायजेरियाची आणि केरळची मुलगी आहे. त्यांच्या घरच्यांपैकी कोणाचीही या गावात वीतभर जमीन नाही, आणि मैदान त्यांचंही आहे.

मेयोमध्ये आयरिशटाऊन आणि बॅलिंडाईनच्या परिसरातल्या क्लबाचं नावच डॅव्हिट्स आहे. जिथे पहिली सभा भरली, तिथलीच मुलं त्या नावाने खेळतात. यंदाच्या उन्हाळ्यात एखाद्या रविवारी त्यांचा घरचा सामना पाहायला जायचं आम्ही ठरवलं आहे. तिथून तासाभरात स्ट्रेड गाठता येतं. त्यांचं थडगं तिथे आहे, आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला त्या जुन्या चर्चमध्ये त्यांचं संग्रहालय आहे. लेकीने एकच अट घातली आहे: आधी मॅच, मग संग्रहालय. मी लगेच कबूल केलं.